पंखातला उजेड

१

सकाळी साडेसातला क्लेम हिस्लॉपने हँगरचं दार सरकवलं, किटली लावली, आणि कामाला हात घालण्याआधी खिशातल्या किल्ल्या, नाणी, मनगटावरचं घड्याळ असं सगळं काढून बाकावर ठेवलं. पंखाच्या पोटात हात घालायचा तर अंगावरून काही पडायला नको, हा त्याचा पस्तीस वर्षांचा शिरस्ता होता.

विमान तसं लहानच. एक इंजिन, एक वैमानिक, आणि मागे टनभर खत मावेल एवढी टाकी. न्यूझीलंडच्या त्या डोंगराळ मुलखात मेंढ्यांच्या कुरणांवर खत पडतं ते अशाच विमानांतून. उतारावरच्या गवताळ धावपट्टीवर टाकी भरायची, उडायचं, पाच-सहा मिनिटांत रिकामं होऊन उतरायचं, की पुन्हा भरायचं. दिवसाला साठ-साठ फेऱ्या. दर फेरीला पंख वाकतो आणि सरळ होतो. हातात तार घेऊन आपण ती वाकवून वाकवून तोडतो, त्यातलाच हा प्रकार, फक्त फार सावकाश चाललेला. म्हणून नियम असा, की दर पाचशे तासांनी पंखाचा स्पार उघडून बघायचा. स्पार म्हणजे पंखाच्या आत मुळापासून टोकापर्यंत गेलेली धातूची तुळई. सगळा भार तिच्यावर. ती जिथे बोल्टांनी विमानाच्या अंगाला जोडलेली असते, तिथेच तडा जातो. सुरुवातीला तो केसापेक्षाही बारीक असतो.

हे विमान क्लेमची मुलगी जेनेट उडवायची.

उजव्या पंखाखालच्या झाकणाचे सोळा स्क्रू त्याने काढले. प्रत्येक स्क्रूवर त्याने स्वतः दिलेला पिवळ्या रंगाचा ठिपका जसाच्या तसा होता. म्हणजे गेल्या पाचशे तासांत झाकण कोणी उघडलेलं नव्हतं. त्याने टॉर्च लावून आत डोकावलं. खताची करडी धूळ सगळीकडे बसली होती, गिरणीत पीठ बसतं तशी.

फक्त खालच्या दोन बोल्टांभोवती धूळ नव्हती. वीतभर जागा लख्ख पुसलेली होती. आणि पुसायला वापरतात त्या द्रावणाचा वास अजून ताजा होता.

क्लेम बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला. मग कुठूनतरी इंधन झिरपलं असेल, त्याने धूळ धुतली गेली असेल, असं त्याने मनाशी ठरवलं. तो वास इंधनाचा नाही, हे कळत असूनही ठरवलं.

२

हा उजवा पंख मुळात देस गिलक्रिस्टच्या विमानाचा होता. एकदा उतरताना तो कुंपणाच्या खांबाला लागून चेपला, म्हणून काढला. देसच्या विमानाला दुसरा बसवला, आणि हा दुरुस्त होऊन वर्षभर हँगरच्या मागच्या घडवंचीवर पडून होता, मग जेनेटच्या विमानाला बसवला. त्याआधी सहा वर्षं देस त्याच्या भरवशावर उडत होता.

देस मेला तो दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये. त्याच्या विमानाची तपासणी आली होती. हवामान खात्याने पावसाआधीचे तीन कोरडे दिवस सांगितले होते, आणि कंपनीचा मालक रॉस पेटिग्रू क्लेमच्या डोक्यावर येऊन उभा राहिला होता.

"अरे, मागच्या पाच वेळा काही निघालं का? बोल्ट काढत दोन दिवस बसशील तर पाऊस येईल, आणि शेतकरी दुसऱ्याला बोलावतील."

"नियम आहे, रॉस."

"नियम कागदावर आहे. कागदावर लिही."

क्लेमने लिहिलं. 'स्पार तपासला. तडा नाही.' खाली सही केली. बाहेर देस चाकावर बूट टेकवून सँडविच खात होता. त्याने तोंडात घास असतानाच विचारलं, "पाहिलंस ना रे, क्लेम?"

"पाहिलं."

अकराव्या दिवशी टाकी भरून वर चढताना देसचा डावा पंख मुळापासून मिटला. जमिनीवर जे उरलं ते जळून गेलं. तडा आधीचा की आपटल्यानंतरचा, हे कोणाला सांगता येईना. चौकशीत क्लेमने शपथेवर सांगितलं की त्याने तपासलं होतं. मग उरला देस. त्याने टाकीत प्रमाणाबाहेर खत भरलं असणार, असा निकाल निघाला. गावातल्या पबमध्ये लोक म्हणाले, माणूस चांगला होता, पण हाव नडली.

त्या मार्चनंतर क्लेमने एकही तपासणी चुकवली नव्हती. पण ते सांगणार कोणाला?

देसची बायको एव्हिस आता कंपनीच्या कचेरीत बसे. नोकरी रॉसनेच देऊ केली होती, आणि ती घेईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती विमानांचे तास टाइप करायची, चहा करायची, कोणाशी वाकडं बोलायची नाही. फक्त तपासणी संपली की ती लॉगबुक उघडून क्लेमपुढे ठेवायची, त्यावर पेन ठेवायची, आणि न चुकता विचारायची, "पाहिलंस ना, क्लेम?"

नवऱ्याचेच शब्द, तोच सूर. हे शब्द तिला कोणी सांगितले, हे विचारायची क्लेमला कधी छाती झाली नाही.

३

बोल्ट काढून त्याने भोकं साफ केली आणि लाल रंग लावला. हा रंग पाण्यासारखा पातळ असतो, तड्यात शिरून बसतो. वीस मिनिटं थांबायचं, वरचा रंग पुसायचा, मग पांढरी पूड फवारायची. तडा असला तर आत दडलेला लाल रंग पांढऱ्यावर झिरपून रेघ उमटते. रंग इतका चिवट, की नखांत गेला तर तीन-तीन दिवस निघत नाही.

वीस मिनिटं क्लेम चहात आल्याचं बिस्किट बुडवत बसला. बाहेर ऊन होतं, कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या. आणि पंखातून आवाज आला.

घस्. घस्. जरा थांबून पुन्हा घस्.

फडकं धातूवर घासल्याचा आवाज. पस्तीस वर्षं तो आवाज त्याच्या स्वतःच्या हाताने केला होता, ओळखायला वेळ लागला नाही. पाखरं असतील, तो म्हणाला. साळुंक्या अर्ध्या दिवसात इंजिनात घरटं बांधतात. पण तो मे महिना होता, आणि तिकडे मे म्हणजे हिवाळ्याची सुरुवात. घरट्याचे दिवस नव्हते.

त्याने उठून पंखावर हलकेच बोटाची पेरं आपटली. आवाज थांबला. घाबरून थांबावा तसा नाही. कामात गढलेल्या माणसाने कोणी आलं म्हणून मान वर करावी, तसा थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

वेळ झाल्यावर त्याने रंग पुसला आणि पूड फवारली. पांढऱ्या थरावर बोल्टच्या भोकापासून बोटभर लांब लाल रेघ उमटली. पेनाने ओढल्यासारखी स्पष्ट. बघता बघता ती कडेला ओघळली.

क्लेमने विमानाला 'उडवू नये' अशी लाल चिठ्ठी बांधली आणि रॉसला फोन केला.

दुसऱ्या दिवशी पामर्स्टन नॉर्थ शहरातून तपासनीस आला. त्याच्याकडे विजेवर चालणारं यंत्र होतं. तड्यावरून सळई गेली की त्याची सुई उडते. त्याने तासभर सळई फिरवली. सुई जागची हलली नाही. मग त्याने क्लेमलाच आत वाकून बघायला सांगितलं. पूड पांढरी होती. लाल टिपूससुद्धा नव्हता.

"कधीकधी पूड जास्त फवारली की असं होतं," तपासनीस भलेपणाने म्हणाला.

पूड जास्त फवारल्याने पांढऱ्याचं लाल होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

४

क्लेमने पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. पुन्हा रेघ आली. या वेळी आधीच्या दुप्पट लांब. तपासनीस पुन्हा आला. सुई पुन्हा हलली नाही, आणि रेघही पुन्हा नाहीशी झालेली होती.

रॉस खिशात हात घालून पंखाखाली उभा राहिला. "क्लेम, तडा तुझ्या डोळ्यात आहे. पंखात नाही."

"मी पाहिलं, रॉस."

"दोन वर्षांपूर्वी तुला एवढं दिसत असतं तर..." रॉस बोलता बोलता गप्प झाला. दोघांनी दोन दिशांना बघितलं. मग रॉस खालच्या आवाजात म्हणाला, "आणखी एकदा कर. सही कर. सोमवारी पोरगी उडणार. तुला जमत नसेल तर सांग, सही करणारा दुसरा बघतो."

संध्याकाळी जेनेट घरी जेवायला आली. एकोणतीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्यांची. आई गेल्यापासून दर बुधवारी ती यायची, दोघं मटणाचा पाय भाजायची.

"डॅड, चष्मा बदल. सगळे हसतायत."

"त्या विमानात बसू नकोस, जेनेट."

"का? तडा आहे?"

"आहे." त्याने सुरी खाली ठेवली. "मला माहीत नाही."

"मग शेतकऱ्याला मी काय सांगू? माझ्या डॅडला माहीत नाही म्हणून खत पुढच्या आठवड्यात?" ती हसली, मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं. "हे बघ, यंत्राने दोनदा तपासलंय. आणि तू तपासणार आहेस. तू पाहिलंस की मी डोळे मिटून बसते. आजवर तशीच बसत आलेय ना?"

क्लेमने ताट बाजूला सारलं.

५

शुक्रवारी दुपारी त्याने तिसऱ्यांदा पूड फवारली आणि वाट बघत बसला.

दहा मिनिटं झाली. पांढरं. वीस झाली. पांढरंच. रेघ नाही, ठिपका नाही. पंखातून आवाजही नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोनदा ज्याने रेघ दाखवून पुसली, त्याने तिसऱ्यांदा ती दाखवली नाही म्हणजे ती नाहीच, असं कसं धरायचं?

त्याने लांब दांडीचा आरसा घेतला. वाटीएवढा गोल आरसा, वाकवता येणारा. तो त्याने झाकणाच्या भोकातून आत सरकवला आणि पंखाच्या टोकाकडे वळवला. पंखाच्या आत ठराविक अंतरावर आडवे पत्रे असतात, आणि वजन कमी व्हावं म्हणून प्रत्येकाला गोल भोक पाडलेलं असतं. आरशात ती भोकं एकामागे एक दिसत होती, लहान लहान होत गेलेली. त्याचा टॉर्च तिसऱ्या पत्र्यापर्यंत पोचत होता. त्यापुढे अंधार.

आणि अंधाराच्या पलीकडे, पाचव्या-सहाव्या पत्र्याजवळ, उजेड.

आपलाच उजेड कुठेतरी परतलाय, असं म्हणून क्लेमने टॉर्च बंद केला.

पलीकडचा उजेड तसाच राहिला. तो हलत होता. सावकाश, वरून खाली, थांबून, पुन्हा त्याच जागेवर. स्पारवरून टॉर्च कसा फिरवायचा हे ज्याला माहीत असतं, तसा. तिथे पंखाची जाडी वीतभरसुद्धा नव्हती. मांजर अडकलं असतं अशी जागा.

उजेडापुढे हात आला. मनगटापासून पुढचाच दिसला. हातात फडकं होतं, आणि नखं मुळापर्यंत लाल. त्या हाताने फडक्याची चौकोनी घडी घातली, ती बाजूला ठेवली. काम संपल्यावर ठेवतात तशी.

मग तो उजेड वळला. एकेका भोकातून पुढे येत येत आरशात शिरला आणि थेट क्लेमच्या डोळ्यांवर आला. त्याच्यामागे कोण होतं ते दिसलं नाही. एवढंच कळलं की आपल्याला कोणीतरी वरपासून खालपर्यंत बघतंय, बिनघाईने, स्पार बघावा तसं. तडा कुठे आहे ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही.

उजेड विझला. क्लेमच्या हातातून आरसा आत पडला. तो काढायला त्याने हात घातला नाही.

६

कचेरीत एव्हिस टाइपरायटरपाशी होती. जेनेट खिडकीत बसून चहा पीत होती. क्लेम दारात दिसताच एव्हिसने लॉगबुक उघडलं, वर पेन ठेवलं.

"पाहिलंस ना, क्लेम?"

"नाही," क्लेम म्हणाला.

जेनेटने वर बघितलं. "काय नाही?"

"देसच्या विमानाचा स्पार मी बघितला नव्हता. बोल्टला हातसुद्धा लावला नव्हता. नुसती सही केली." त्याने दाराची चौकट धरली. "त्याने मला विचारलं होतं. मी पाहिलं म्हणालो. चौकशीतही तेच म्हणालो."

धावपट्टीवर ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

"मला माहीत आहे," एव्हिस म्हणाली.

"कसं?"

"त्याच दिवशी जेवताना देस म्हणाला, गंमत आहे, तपासणी झाली पण क्लेमचे हात स्वच्छ होते. नखात लाल टिपूस नव्हता." तिने पेन उचलून पुन्हा सरळ ठेवलं. "मी म्हटलं, मग उडू नकोस. तर मलाच हसला. म्हणाला, क्लेम माझ्याशी खोटं कशाला बोलेल?"

"तू चौकशीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. विधवेचं दुःख म्हणून लिहून घेतलं त्यांनी."

जेनेट उठली. कप खिडकीत ठेवला. बापाच्या अगदी जवळ येऊन थांबली, आणि क्लेमला वाटलं ती मारणार. तिने मारलं नाही.

"मी एक वर्ष तुझ्या सहीवर उडतेय," ती म्हणाली, आणि त्याला खांद्याने बाजूला सारून बाहेर गेली.

एव्हिसने लॉगबुकाचं पान उलटलं. नवं, कोरं पान. "इथे लिही. सगळं. रॉस काय म्हणाला तेही."

क्लेमने लिहिलं. खाली सही केली. मग तो म्हणाला, "एव्हिस, तो तिथे आहे. पंखात."

तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तिने फुंकर घालून शाई वाळवली.

"अजून कामच चाललंय का त्याचं?" तिने विचारलं.

७

चौकशी पुन्हा उघडली. देसवरचा ठपका निघाला, आणि तसं वर्तमानपत्रात छापूनही आलं. क्लेमचा परवाना गेला. वय आणि कबुली बघून तुरुंग टळला. रॉसवर खटला भरला गेला आणि कंपनी डॅनव्हर्क गावच्या एकाने घेतली. नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात पामर्स्टनची माणसं आणून एकूणएक विमानांचे स्पार तपासून घेतले. जेनेटचं विमानही. त्यात क्लेमचा आरसा सापडला, बाकी काही नाही. उजवा पंख निर्दोष.

क्लेमने मुलीच्या दारात जाऊन हात जोडले. तो पंख बदल म्हणाला. बघितलं तेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"त्या लोकांनी खरोखर पाहिलंय, डॅड," ती म्हणाली. "तू आता मला काही सांगू नकोस." आणि दार लावून घेतलं. बुधवारची जेवणं त्याआधीच बंद झाली होती.

आता हँगरमध्ये जायची त्याला मुभा नाही. तो कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, लाकडी बाकावर येऊन बसतो. विमान भरतं, उतारावरून खडखडत सुटतं, कडेवरून खाली पडल्यासारखं होतं आणि वर येतं. तेवढा वेळ तो श्वास धरून ठेवतो. पाच-सहा मिनिटांनी ते परत उतरतं तेव्हा सोडतो. दिवसाला साठ वेळा. पाऊस असला तर घरी झोपतो. वर्षात तेवढीच काय ती त्याची झोप.

दुपारच्या सुट्टीत एव्हिस थर्मास घेऊन येते आणि त्याच्या शेजारी बसते. पहिल्यांदा आली तेव्हा त्याला वाटलं होतं, हिने माफ केलं.

पुढच्या वर्षी जूनमधल्या एका निरभ्र दिवशी ती अशीच येऊन बसली. जेनेटचं विमान भरून उडालं. कडेपाशी ते खाली बुडालं, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि उजवा पंख वर वाकलेला क्लेमला इथून दिसला. तो बाकावरून अर्धा उठला. विमान सावरलं, टेकडीला वळसा घालून दिसेनासं झालं. इंजिनाचा आवाज तेवढा येत राहिला.

"बस खाली," एव्हिस म्हणाली. "आज काही होणार नाही. मी सकाळी पंखावर हात ठेवून सांगितलंय त्याला, आज नको."

क्लेमने तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. पन्नाशीची, केस नीट विंचरलेली, स्वेटरची वरची गुंडी लावलेली बाई. ती कपात चहा ओतत होती आणि तिचा हात जराही हलत नव्हता.

"आणि उद्या?" त्याने विचारलं. "एव्हिस, उद्या काय सांगशील?"

तिने कप त्याच्या हातात दिला. डोंगराकडे बघितलं, आभाळ बघितलं.

"उद्याही कोरडंच आहे म्हणतात," ती म्हणाली. "सकाळी बघू."